पथ्यालाही उद्यापन हवे

जेवणाच्या पानावर तासभर रेंगाळणारे मूल आपल्या घरांत काही नवलाचे नाही. ते घास गालात धरून बसते, प्रत्येक घासामागे घोटभर पाणी मागते, भाकरीचा तुकडा बाजूला सारून पातळ वरणभाताकडे हात नेते आणि एखादे वेळी खाल्लेले सगळे उलटून टाकते. आई वैतागते, आजी 'लाडावून ठेवले आहे' असा शेरा मारते, कोणी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढते. अशी बहुतेक मुले वय वाढले की आपोआप ताळ्यावर येतात, हे खरेच आहे. परंतु त्यांतील काहींच्या बाबतीत प्रश्न लाडाचा नसतो, अन्ननलिकेचा असतो. वैद्यकात या विकाराला इओसिनोफिलिक इसोफेजायटिस म्हणतात. अन्ननलिकेचा ॲलर्जीजन्य दाह असे आपण त्यास म्हणू. त्यावरील एक प्रमुख उपाय औषधांच्या दुकानात नाही, स्वयंपाकघरात आहे. मुलाला वावडे असलेले अन्न हुडकून काढावयाचे आणि ते त्याच्या ताटातून वगळावयाचे, हा तो उपाय. तो आम्हांस मान्य आहे. आपल्याकडे तो ज्या रीतीने अमलात येण्याचा संभव आहे ती रीत मात्र आम्हांस मान्य नाही, आणि आजचे लेखन त्यासाठीच आहे.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे सुरतेचा पर्वत पाटिया आहे. शहराच्या पूर्वेस, कडोदरा-बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा भाग. एके काळी पर्वत गावाच्या फाट्यावर उभे असलेले पाटीचे ठिकाण ते आज कापडबाजाराच्या पसाऱ्यात मिळून गेले आहे. लिंबायत, गोडादरा, डिंडोली या शेजारच्या वस्त्यांत मराठी कानावर पडल्यावाचून राहत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या काठाकाठाने उधना-जळगाव लोहमार्गावरून आलेली ही माणसे माग, भरतकाम आणि साड्यांची घडी-बांधणी यांवर पोट भरतात. हा विकार याच वस्तीत अधिक आहे, असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण खानदेशी, गुजराती आणि मारवाडी चुली जेथे भिंतीला भिंत लावून पेटतात, जेथे आई-बाप दोघेही कामावर असतात आणि दवाखान्यात एक दिवस गेला तर रोज बुडतो, तेथे 'अमुक अमुक सहा पदार्थ मुलाला देऊ नका' या एका वाक्याचे काय होईल, हे पाहिल्याखेरीज या उपचाराची खरी किंमत कळणार नाही. मलबार हिलवरील घरात जो उपाय साधतो तो डिंडोलीत साधलाच पाहिजे असे नाही.

प्रथम विकार समजून घेऊ. इओसिनोफिल ही रक्तातील पांढऱ्या पेशींची एक जात. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८७९ साली तिचे वर्णन केले. इओसिन नावाच्या तांबूस-गुलाबी रंगाने ही पेशी चटकन रंगते, म्हणून तिला हे नाव मिळाले. तो रंग मुळात निघाला कापडासाठी, विशेषत: रेशमासाठी, आणि रंगाचे नाव आले ग्रीकांच्या इऑस या उषादेवीवरून. साड्या रंगविणाऱ्या शहराच्या संदर्भात ही हकीकत सांगण्याचा मोह आम्हांला आवरला नाही. असो. या पेशी पोटात व आतड्यांत थोड्याफार असतात, निरोगी अन्ननलिकेत त्यांना स्थान नाही. काही मुलांच्या बाबतीत मात्र नेहमीच्या अन्नातील एखाद्या प्रथिनाला शरीर शत्रू मानते आणि या पेशींच्या झुंडी अन्ननलिकेच्या अस्तरात येऊन ठाण मांडतात. अस्तर सुजते, त्यावर चरे पडतात, वलये उमटतात आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर नळी आतून अरुंद होत जाते. दुर्बिणीने अस्तराचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता एका दृष्टिक्षेत्रात पंधरा किंवा अधिक इओसिनोफिल आढळले, लक्षणेही जुळली आणि दुसरे कारण सापडले नाही, म्हणजे निदान पक्के होते. सूज सर्वत्र सारखी नसते, म्हणून वेगवेगळ्या उंचीवरचे निदान सहा तुकडे घ्यावे लागतात. एखाद-दुसरा तुकडा घेऊन 'काही नाही' असे सांगणे म्हणजे गावातील एकच घर पाहून गाव रिकामा ठरविण्यासारखे आहे.

वयानुसार या विकाराचे रूप पालटते. तान्हे मूल दूध नाकारते, ओकते, वजन धरत नाही. शाळेच्या वयात पोटदुखी आणि उलट्या. पुढे किशोरवयात घास छातीत अडकू लागतो. मुलींपेक्षा मुलग्यांत हा विकार जवळजवळ तिप्पट आढळतो आणि दमा, इसब, सतत गळणारे नाक यांपैकी काहीतरी सोबत असणे नेहमीचे आहे. पाश्चात्त्य देशांत हजार-दोन हजारांत एकाच्या आसपास त्याचे प्रमाण सांगतात आणि ते वाढते आहे. आपल्याकडे हा रोग नाहीच, ही समजूत आता टिकण्यासारखी नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील वैद्यांनी आम्लपित्ताच्या तक्रारी असलेल्या १९० रुग्णांची दुर्बिणीने तपासणी केली, तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत शंभरी तिघांहून किंचित अधिक रुग्णांस हाच विकार निघाला. ते प्रौढ होते हे लक्षात घेतले पाहिजे. पण प्रौढांचा हा विकार पुष्कळदा बालपणापासून अंगात मुरलेला असतो आणि मधली सगळी वर्षे 'ॲसिडिटी' या एका शब्दाखाली दडपली जातात.

हा शब्द पाश्चात्त्य वैद्यांनीही दीर्घकाळ वापरला. १९९३ साली ॲटवुड यांनी आणि १९९४ साली स्वित्झर्लंडच्या श्ट्राउमान यांनी हा स्वतंत्र विकार आहे असे मांडले, तोवर या पेशी म्हणजे आम्ल वर चढल्याची खूण असे गृहीत धरले जात होते. १९९५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. आम्लावरचे उपचार या मुलांवर करून झाले होते, गुण नव्हता. त्यांचे सगळे अन्न बंद करून त्यांना निदान सहा आठवडे केवळ अमिनो आम्लांपासून बनविलेल्या दुधासारख्या पेयावर ठेवण्यात आले. ज्यात अखंड प्रथिनच नाही त्याचे वावडे होणार कसे, हा त्यामागचा साधा तर्क. आठ मुले पूर्ण बरी झाली, दोघांना उतार पडला आणि नेहमीचे अन्न पुन्हा देताच लक्षणे परतली. अन्न हेच कारण, हे या दहा मुलांनी सिद्ध केले.

परंतु पेयावर आयुष्य काढता येत नाही. ते महाग असते, बेचव असते, आणि अनेक मुलांना नाकातून नळी घालून ते द्यावे लागते. म्हणून शिकागोच्या कागलवाला प्रभृती वैद्यांनी अधिक माणुसकीचा मार्ग शोधला. दूध, गहू, अंडी, सोयाबीन, शेंगदाण्यासह कठीण कवचाची फळे आणि मासे-कोळंबी हे सहा गट वगळून उरलेले घरचे जेवण मुलांना द्यावयाचे. २००६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: या सहा-वर्ज्य आहारावर ३५ पैकी २६ मुलांची अन्ननलिका सुधारली, म्हणजे शंभरी ७४, अमिनो आम्लांच्या पेयावर २५ पैकी २२, म्हणजे शंभरी ८८. थोडे यश सोडले आणि मुलाला पानावर बसता आले. हा सौदा वाजवी होता, आणि जगभर तो रूढ झाला.

आता त्या सौद्याची दुसरी बाजू. सहा गट एकदम बंद केले आणि मूल सुधारले, तरी त्या सहांतील गुन्हेगार कोण हे समजत नाही. बहुधा एक किंवा दोनच असतात, बाकीचे निरपराध. ते कळण्यासाठी एकेक पदार्थ परत द्यावयाचा, सहा-आठ आठवडे थांबावयाचे आणि पुन्हा दुर्बीण घालून तुकडे तपासावयाचे. सगळा हिशेब पुरा करावयाचा तर लहान मुलाला सात-आठ वेळा भूल देऊन तपासावे लागते आणि वर्ष उलटते. अमेरिकेत नाकावाटे अत्यंत बारीक दुर्बीण घालून, भूल न देता ही तपासणी करण्याची रीत काही रुग्णालयांनी सुरू केली आहे. आपल्याकडे तिची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. तेव्हा इतक्या तपासण्या टाळावयाच्या कशा, हाच खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांत मिळाले आहे: सहापासून खाली न येता एकापासून वर चढावे.

तो एक कोण? दूध. मुलांमध्ये सर्वांत अधिक दोषी ठरते ते दूधच. केवळ दूध वगळलेल्या ४१ मुलांपैकी २१ मुलांची अन्ननलिका सुधारल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे साधारण निम्मी मुले एकाच पदार्थाच्या त्यागावर सुटतात. स्पेनमधील मोलिना-इन्फांते यांनी २०१८ मध्ये १३० रुग्णांवर पायरीपायरीने हाच प्रयोग केला, त्यांत २५ मुले होती. आधी दूध आणि गहू, गुण न आल्यास चार गट, तरीही न आल्यास सहा. पहिल्याच पायरीवर शंभरी ४३ रुग्ण सुधारले, दुसरीपर्यंत ६०, तिसरीपर्यंत ७९. प्रौढांच्या बाबतीत तर २०२३ साली अमेरिकेत १२९ रुग्णांची तुलना झाली: एकटे दूध सोडणाऱ्यांत शंभरी ३४ सुधारले, सहाही गट सोडणाऱ्यांत ४०, फरक नगण्य ठरला. या आकड्यांनंतरही पहिल्याच भेटीत एखाद्या आईच्या हाती सहा वर्ज्य पदार्थांची यादी ठेवणे, हे आमच्या मते अनावश्यक आहे. गुजरातेत तर ते धोक्याचेही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीप्रमाणे गुजरातेत पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३९ वयाच्या मानाने खुजी होती, महाराष्ट्रात ३५. अशा प्रदेशात मुलाच्या ताटातून काही उचलताना हात जरा कापला पाहिजे.

येथेच आमच्या मुख्य आक्षेपाकडे येतो. आपल्या समाजाला अन्नत्याग परका नाही. चातुर्मासात कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे, कोणी एका वेळेचे जेवण. व्रत घ्यावयाचे, नेमाने पाळावयाचे आणि कार्तिकात त्याचे उद्यापन करून ती वस्तू पुन्हा पानात घ्यावयाची. दुसरी रीत काशीची. काशीला गेलेले माणूस आवडीची एखादी वस्तू तेथे सोडून येते, ती जन्माची सुटते. 'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' म्हणणाऱ्या लोकांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. वैद्याने सांगितलेला वर्ज्य-आहार हे चातुर्मासाचे व्रत आहे. आपण मात्र त्याची काशी करतो. डॉक्टरने दूध बंद केले, मुलाची उलटी थांबली, की 'आता कशाला परत विषाची परीक्षा' म्हणून दूध कायमचे बंद. पुढे गव्हाचा संशय येतो, गहू बंद. कोणी पाहुणा सांगतो म्हणून शेंगदाणा बंद. दोन वर्षांनी ते मूल भात आणि बटाट्यावर जगत असते, अंगाने खंगलेले आणि अन्नाला भ्यालेले. दुर्बीण पुन्हा घातलेलीच नसते. पथ्य सांगणारे आपल्याकडे पुष्कळ, पथ्य सोडविणारा कोणी भेटत नाही.

उलट चूकही तितकीच घातक. लक्षणे थांबली म्हणजे सूज गेली, असे या विकारात होत नाही. मूल घास बारीक करून, पाणी पिऊन, कडक पदार्थ टाळून आपली सोय लावते आणि आत दाह चालूच राहतो. म्हणून व्रताचा आरंभ तपासणीने झाला पाहिजे आणि आठ-बारा आठवड्यांनी त्याचे फळ तपासणीनेच पाहिले पाहिजे. सूज गेली असेल तर पुढची पायरी. गेली नसेल तर ते पथ्य निष्फळ म्हणून त्याच दिवशी सोडून द्यावयाचे, नवे जोडावयाचे की औषधाकडे वळावयाचे ते ठरवावयाचे. वर्ज्य पदार्थ परत देतानाही वैद्याचे लक्ष हवे. दीर्घकाळ बंद ठेवलेला पदार्थ अचानक दिल्यावर काही मुलांच्या अंगावर पित्त उठणे, धाप लागणे असे निराळ्या जातीच्या ॲलर्जीचे प्रकार घडल्याचे नमूद आहे, विशेषत: ज्यांना पूर्वी तसा त्रास झाला होता त्यांना.

तपासणीवाचून पथ्य, याचा सर्वांत फोफावलेला प्रकार म्हणजे रक्ताच्या चाचण्या. शेकडो पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' यादी छापून देणाऱ्या आयजीजी चाचण्यांना वैद्यकीय आधार नाही. रक्तात आयजीजी सापडणे म्हणजे तो पदार्थ शरीराने पाहिला आहे, इतकेच. त्वचेवर टोचून केलेली किंवा आयजीई मोजणारी चाचणी दम्याला आणि अंगावर उठणाऱ्या पित्ताला उपयोगी आहे, पण या विकारातील दोषी अन्न तीही भरवशाने दाखवीत नाही. लांबलचक तांबड्या खुणांचा कागद पाहून मुलाची थाळी रिकामी करणाऱ्या पालकांना आमचे एकच सांगणे आहे: तो कागद बाजूला ठेवा आणि दुर्बिणीचा अहवाल मागा.

आता स्वयंपाकघरात शिरू, कारण खरी लढाई तेथे आहे. दूध वर्ज्य म्हणजे केवळ पेला बंद नव्हे. चहातले दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा, पेढा, दुधाची भुकटी असलेली बिस्किटे, सगळे बंद. तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहतो, म्हणून व्रताच्या काळात तेही दूर ठेवतात. आणि गाईऐवजी म्हशीचे किंवा बकरीचे दूध देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यांची प्रथिने इतकी जुळती आहेत की शरीराला भेद कळत नाही. 'ए-टू' म्हणून चढ्या भावाने विकले जाणारे दूध हाही उपाय नव्हे. लॅक्टोजविरहित दूधही नव्हे, कारण येथे दोष साखरेचा नाही, प्रथिनाचा आहे. १९५१ पासून सुमूल डेअरीने सुरत जिल्ह्यात घरोघरी दूध पोहोचविले, हे त्या संस्थेचे मोठे काम आहे. पण त्यामुळेच 'दूध नको' हे वाक्य तेथील आजीच्या कानाला अभद्र वाटते. आजीला ते पटविणे हे डॉक्टरचे काम आहे, सुनेचे नव्हे.

गव्हाच्या बाबतीत मात्र खानदेशी आणि कोकणी घर दिल्लीच्या घरापेक्षा सुदैवी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत गहू नाही. कळण्याची भाकरी, ठेचा, आमसुलाचे सार, नारळाच्या दुधातली सोलकढी, ओल्या नारळाचे वाटण, यांत दूधही नाही आणि गहूही नाही. नाचणीत तर चुना भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, आणि तीळ त्याला साथ देतो. जी भाकरी शहरात आल्यावर मागे पडली आणि जिच्या जागी पोळी, पाव, खारी आणि नानकटाई आली, ती या निमित्ताने परत येऊ शकते. अर्थात जुने ते सोने म्हणून आम्ही हे लिहीत नाही. घास अडकणाऱ्या मुलाला कोरडी भाकरी गिळवत नाही, ती त्याला आमटीत कुस्करून किंवा आंबील, घावन या रूपाने द्यावी लागते. शिवाय दोन खाचा लक्षात ठेवाव्यात. गिरणीवर गव्हामागोमाग दळलेल्या ज्वारीत गहू मिसळतोच, तेव्हा दळण पहिले लावावे किंवा घरी दळावे. आणि बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते. फोडणीतून ते रोज पोटात जाते. आणखी एक: सहा गटांची यादी अमेरिकन ताटावरून तयार झालेली आहे. शाकाहारी घरात अंडी-मासे नाहीतच, पण डाळी रोज असतात. स्पेनमध्ये तर सोयाबीनच्या जागी सगळी द्विदलेच संशयितांत धरली जातात. लोचो, खमण, शेव, फाफडा यांवर वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत हरभऱ्याचा विचार वैद्याने दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर करावा, पहिल्या नव्हे. कारण दूध आणि डाळ दोन्ही गेल्यावर शाकाहारी मुलाला प्रथिन कोठून मिळणार?

सणाचे दिवस अवघड जातात. सत्यनारायणाचा शिरा म्हणजे रवा, दूध, तूप. पंचामृत तर दुधाचेच. चांदनी पडव्याला सुरतेत घारीवाचून चालत नाही. उपवासाच्या ताटालाही दूध आणि शेंगदाणा हेच दोन आधार. प्रसादाला 'नको' म्हणायचे कसे, या संकोचापोटी महिन्याचे पथ्य एका दुपारी मोडते. आमच्या मते येथे संकोचाचे कारण नाही. आजाऱ्याला, बालकाला आपल्या धर्माने व्रतनियमांत नेहमीच मोकळीक दिली आहे. प्रसाद मस्तकाला लावून दुसऱ्याला देण्याने देव रागावत नाही. गणपतीत तर प्रश्नच मिटतो: तांदळाच्या उकडीचा मोदक, आत नारळ आणि गूळ, वर तूप न घालता वाढला, की दूध-गहू दोन्ही नाहीत.

हे सगळे ज्या घराला झेपणार नाही त्याने काय करावे? त्याने औषध घ्यावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. आम्ल कमी करणारी ओमेप्रॅझोल जातीची औषधे या विकाराच्या चाळीस-पन्नास टक्के रुग्णांना गुण देतात. ब्युडेसोनाइडसारखे स्टिरॉइड फुप्फुसात न ओढता, दाट द्रवात मिसळून गिळायला देतात. ते नळीवरच काम करते, अंगात फारसे भिनत नाही, तोंडात-घशात बुरशी येणे हा त्याचा नेहमीचा उपद्रव. 'स्टिरॉइड' शब्द ऐकताच दचकणारे पालक सहा पदार्थ बंद करायला मात्र दचकत नाहीत, हे आम्हांला विपरीत वाटते. वाढत्या मुलाला महिनोन्महिने अपुरे अन्न हेही एक औषधच आहे, आणि त्याचे दुष्परिणाम अधिक आहेत. डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०२२ साली बारा वर्षांवरील रुग्णांसाठी आणि जानेवारी २०२४ मध्ये एक वर्षावरील, पंधरा किलो वजनाच्या मुलांसाठी मान्य झाले. त्याची किंमत पाहता मागावर काम करणाऱ्याच्या घरी त्याची चर्चा करणे क्रूरपणाचे होईल.

जाता जाता एक इशारा. किनारपट्टीवर माशाचा काटा घशात रुतला की भाताचा गोळा किंवा केळे गिळायला देतात. या मुलांच्या बाबतीत तसे करू नये. अडकलेल्या घासावर दुसरा घास ढकलल्याने नळीला इजा होऊ शकते. मुलाला थुंकीही गिळता येईनाशी झाली, लाळ गळू लागली, तर काहीही खायला-प्यायला न देता रुग्णालय गाठावे.

उरतो प्रश्न सार्वजनिक व्यवस्थेचा. पर्वत पाटियाहून सहारा दरवाजाकडे गेले की उमरवाड्यात, बॉम्बे मार्केटसमोर, महापालिकेचे 'स्मिमेर' हे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. मजुरा गेटकडे सरकारी नवी सिव्हिल. मुलांची दुर्बिणीने तपासणी, तुकड्यांची नीट मोजणी आणि आहारतज्ज्ञाची भेट ही तिन्ही कामे सार्वजनिक रुग्णालयात एकाच छपराखाली आणि ठरल्या तारखेला व्हावीत, असे आमचे म्हणणे आहे. कारण यांतील एक जरी सुटले तरी बाकीची दोन वाया जातात. आहारतज्ज्ञाने इंग्रजी तक्ता हातात न देता मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत, त्या त्या घरच्या पदार्थांच्या नावांनी यादी द्यावी: काय नको, त्याऐवजी काय, आणि कोणत्या तारखेपर्यंत. ती तारीख कागदावर ठळक छापलेली असावी. दर भेटीला वजन-उंची त्याच कागदावर टिपावी.

शाळेचेही पाहिले पाहिजे. गुजरातेत १९८४ पासून मध्याह्न भोजन चालू आहे, २०२१ पासून ते पंतप्रधान पोषण या नावाने चालते, आणि सणावारी दानशूर मंडळी तिथी-भोजनही घालतात. वैद्याचा दाखला आणणाऱ्या मुलाला त्या पंक्तीत बसूनच वेगळा डबा खाता यावा, बाहेर व्हरांड्यात नव्हे, एवढे तरी शिक्षकांना सांगता येईल. बंद पाकिटावर दूध, गहू, सोयाबीन, शेंगदाणा वगैरे घटक छापणे २०२० च्या लेबल-नियमांनी बंधनकारक झाले आहे. मात्र पर्वत पाटियाच्या नाक्यावर पोरे जे खातात ते पाकिटातले नसते, तागडीवर मोजून कागदात बांधलेले असते. फरसाणाच्या दुकानदाराने तेल कोणते, पीठ कोणते, दुधाची भुकटी आहे की नाही हे पाटीवर लिहून लावले, तर त्याला खर्च खडूचा येईल.